चिमुकल्या तळ्यांची नावनिशी

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे लुईस नावाचे बेट आहे. त्याच्या जुन्या नकाशावर पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, ओली माळजमीन पसरलेली दिसते आणि तिच्यात शेकडो तळी विखुरलेली. तिथल्या गेलिक भाषेत तळ्याला ‘लॉख’ म्हणतात. ऐतिहासिक नकाशासाठी या लहान लॉखांची नावे तक्त्यात उतरवण्याचे काम मी घरबसल्या करतो आहे.

काम वाटते तितके सोपे नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने 1848 ते 1852 या काळात बेट मोजले आणि मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे काढले. नावे स्थानिकांना विचारून वह्यांत उतरवली गेली. पण ऐकणाऱ्याचा कान इंग्रजी असला की लेखन डगमगते. मराठीत ‘तळे’चे ‘तळ्याचे’ होताना शब्दाचा शेवट बदलतो. गेलिकमध्ये पुष्कळदा सुरुवातच बदलते. ‘मुलन’ म्हणजे गिरणी, पण ‘गिरणीचे तळे’ होते ‘लॉख अ व्हुलिन’. हा नियम ठाऊक नसेल तर त्या नावातली गिरणी दिसतच नाही. खरे तर ते नाव म्हणजे पुरावा असतो : तळ्यातून निघणाऱ्या ओढ्यावर कधीकाळी छोटी पाणचक्की फिरत होती.

‘लांगावात’ची गंमत वेगळी. बेटावर आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत ‘वात्न’ म्हणजे तळे, ‘लांग’ म्हणजे लांब. पुढे त्या भाषेचा विसर पडला आणि गेलिकांनी मागे आणखी ‘लॉख’ लावले. अर्थ झाला ‘तळे लांबतळे’! एका नावात दोन भाषांचे थर.

सुरुवातीला मी जुनी लेखने ‘सुधारून’ लिहीत असे. ती चूक होती. आता नकाशावरचे रूप जसेच्या तसे एका रकान्यात, आजचे गेलिक रूप दुसऱ्यात आणि अर्थ तिसऱ्यात लिहितो. ‘लॉख दू’, म्हणजे काळे तळे, ठिकठिकाणी आढळते. म्हणून प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश हवेतच, नाहीतर दोन तळ्यांचे एक होऊन बसते.

हा खटाटोप कशासाठी? या माळावर प्रचंड पवनचक्की प्रकल्प येऊ घातला, तेव्हा जमीन ओसाड असल्याचा सूर निघाला होता. 2008 साली सरकारने प्रकल्प नाकारला तो पक्ष्यांच्या अधिवासासाठी. पण ओसाडपणाला उत्तर नावांतच होते. ‘लॉख ना हारी’ म्हणजे उन्हाळी चराईच्या झोपडीचे तळे. बायका-मुले गुरे घेऊन तिथे राहत, दूध काढत, लोणी करत. जिथे माणसे राबली, तिथल्या पाण्याला नाव मिळाले.

2022च्या जनगणनेत या पश्चिम बेटांवर गेलिक बोलणारे प्रथमच निम्म्याहून कमी भरले. वहीतले नाव उरेल. त्याचा उच्चार आणि त्यामागची गोष्ट मात्र माणसांपाशीच असते. म्हणून माझ्या तक्त्यात चौथाही रकाना आहे : ‘उच्चार कोणाकडून ऐकला’. तोच अजून सर्वाधिक रिकामा आहे.