मातीच्या भिंतींवरचे काश्मीर

लडाखातील बहुतेक गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, मग ती ठिकसे असो वा लामायुरू, डोंगरमाथ्यावरून आसपासच्या मुलखावर अंमल गाजवीत उभी असतात. परंतु लेहच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरांवर, सिंधूच्या डाव्या तीरी, जर्दाळूच्या बागांमध्ये सपाट जमिनीवर वसलेल्या अल्ची येथील देवळे दुरून दृष्टीसही पडत नाहीत. भारतीय चित्रकलेच्या इतिहासात अजिंठ्याच्या खालोखाल ज्या स्थानाचे नाव घेणे मला न्याय्य वाटते, ते हेच स्थान होय.

येथील ‘सुमचेक’ हे तीन मजली मंदिर दगड, माती आणि लाकूड यांचे आहे. दर्शनी भागातील त्रिदली कमानी आणि कोरीव खांब थेट काश्मिरी वळणाचे. आत तीन कोनाड्यांत अवलोकितेश्वर, मैत्रेय व मंजुश्री यांच्या मातीच्या प्रचंड मूर्ती असून त्यांची मस्तके वरच्या मजल्यात पोहोचतात. त्यांच्या धोतरांपाशी मात्र थांबावे. मैत्रेयाच्या वस्त्रावर वर्तुळावर्तुळांतून बुद्धचरित्र उलगडते. मंजुश्रीच्या वस्त्रावर ८४ सिद्ध बसले आहेत. आणि अवलोकितेश्वराच्या वस्त्रावर राजवाडे, देवालये, घोडेस्वार, पूजक असे एक अखंड नगरजीवन रंगविलेले आहे. ज्या खोऱ्यातून ही चित्रे काढणारे चितारी आले, त्या खुद्द काश्मीरात त्या काळच्या बौद्ध भित्तिचित्रांचा जवळजवळ मागमूसही उरलेला नसल्यामुळे, त्या लोपलेल्या सृष्टीचे दप्तर आज या धोतरांवरच शाबूत आहे.

मंदिराचा काळ पूर्वी अकराव्या शतकाचा मानीत. पुढे वरच्या मजल्यावरील गुरुपरंपरेच्या चित्रांत तिबेटी बौद्ध धर्मातील द्रिगुंग पंथाचे संस्थापक जिग्तेन गोन्पो (११४३–१२१७) यांचे नाव वाचले गेल्यावर तो तेराव्या शतकाच्या आरंभी आणावा लागला. मला हा पुरावा निर्णायक वाटतो.

पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास येथील नित्यपूजा मंदावली, कारभार पुढे लिकिर मठाकडे गेला, आणि या उपेक्षेमुळेच लोण्याच्या दिव्यांची काजळी व भाविक जीर्णोद्धारकांचा नवा रंग या दोहोंपासून चित्रे पुष्कळ अंशी वाचली. त्याहून मोठा उपकार अवर्षणाचा. वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पॉपलरच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या काटक्या आणि वर थापलेली माती एवढे छप्पर शतकानुशतके पुरे पडले.

आता ते पुरत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात झालेल्या ढगफुटीने, मातीच्या इमारती मुसळधार पावसापुढे किती असहाय असतात हे सर्वांना दाखवून दिले. आणि सुमचेकच्या भिंतींवरही झिरपलेल्या पाण्याचे ओघळ आहेत. छप्पर बदलावे तर जड सिमेंटचा भार जुन्या भिंतींना सोसत नाही, आणि न बदलावे तर रंग वाहून जातात. म्हणून दरसाल छपराला मातीचे लिंपण करणारे गावातले कारागीर हेच या मंदिराचे खरे रक्षक असून त्यांच्या मजुरीची तरतूद ही एखाद्या संग्रहालयाच्या खर्चाइतकीच अगत्याची मानली पाहिजे.

लडाखला जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की अल्चीला घाईने जाऊ नये. आत छायाचित्रांना असलेली बंदी मनापासून पाळावी, भिंतीला पाठ वा हात टेकू नये, आणि आत गर्दी असेल तर अंगणात थांबून आपल्या पाळीची वाट पाहावी.