गंगादशहरा : तुलसीघाटावरील महंतांची गंगासेवा

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंतचे दिवस गंगादशहरा म्हणून पाळले जातात. भागीरथी भूतलावर अवतरली ती या दशमीस. दशविध पापांचे हरण करणारी म्हणून ती दशहरा. काशीहून आणलेला गंगेचा गडू आपल्याकडे अनेक देव्हाऱ्यांत पूजेस असतो, आणि मावंदे घातल्यावाचून यात्रेची सांगता झाली असे आपण मानीत नाही. त्या काशीक्षेत्रातील गंगाजलासाठी आयुष्य वेचणाऱ्या एका महंतांचे स्मरण या पर्वकाळी करणे उचित होईल.

संकटमोचन हनुमान मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांचे वास्तव्य तुलसीघाटावर असे. गंगास्नान हा त्यांचा नित्यनेम, तर काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे अध्यापन हा त्यांचा व्यवसाय. ज्या प्रवाहात ते श्रद्धेने बुडी घेत, त्यातच नगरीच्या गटारांचे पाणी नाल्यांवाटे मिसळत होते. १९८२ साली त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले. गंगा अपवित्र झाली, हे शब्द भाविकास रुचत नाहीत, मातेच्या अंगावर घाण टाकली जात आहे असे म्हटले की तो ऐकतो, असा त्यांचा अनुभव होता. आणि गंगातीरी मलमूत्रविसर्जन, चूळ भरणे, निर्माल्य टाकणे ही कर्मे धर्मग्रंथांनीही निषिद्धच मानली आहेत!

१४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीतच गंगा कृती योजनेचा शुभारंभ केला. पुढे दीनापूर येथे दररोज ८ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. अशा केंद्रात प्रथम जाळ्यांनी कचरा अडवितात, मग वाळू व गाळ खाली बसू देतात. नंतर त्या पाण्यात हवा खेळवून सूक्ष्म जंतूंची जोपासना केली जाते; हे जंतू पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकतात आणि स्वतः गाळरूपाने तळाशी बसतात. वर राहते ते पाणी पुष्कळसे निवळ दिसते.

महंतांचा आक्षेप नेमका येथेच होता. निवळ दिसणारे पाणी स्नानास योग्य असतेच असे नाही. कच्च्या सांडपाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जंतू कोटीच्या घरात असू शकतात. वरील प्रक्रियेने त्यांतील शेकडा नव्वद वा नव्व्याण्णव नष्ट झाले, तरी उरलेले लाखांच्या घरात असतात. स्नानाच्या पाण्यासाठी इष्ट मर्यादा मात्र ५०० आणि कमाल २५०० आहे. योजनेचे लक्ष मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करण्याकडे होते. पहाटे आचमन करणाऱ्या यात्रेकरूच्या पोटात काय जाते, याचा हिशेब मागे पडला. शिवाय घाटावरील पंप विजेवर चालत. वीज गेली की मैलापाणी पुन्हा गंगेत. पुराच्या दिवसांत तर ते बंदच ठेवावे लागत.

केवळ टीका करून महंत थांबले नाहीत. घाटालगत नळ टाकून सांडपाणी उतारानेच शहराबाहेर न्यावे आणि तेथील विस्तीर्ण तलावांतून अनेक दिवस मुरवीत सोडावे, म्हणजे शेवाळ व सूर्यप्रकाश यांच्या योगे रोगजंतूही मरतील, अशी योजना त्यांनी कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ विल्यम ऑस्वाल्ड यांच्या साहाय्याने मांडली. तिला वीज थोडी लागे, जमीन मात्र पुष्कळ. त्यांच्या हयातीत ती प्रत्यक्षात आली नाही. २०१३ साली ते निवर्तले.

२०१८ साली दीनापूर येथेच १४ कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र कार्यान्वित झाले. तुलसीघाटावर महंतांनी उभारलेल्या प्रयोगशाळेचे काम त्यांच्या पश्चात पुत्र विश्वंभरनाथ मिश्र यांनी पुढे चालविले. तेही संकटमोचनचे महंत आणि अभियांत्रिकीचे प्राध्यापक. गंगेच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यातील जंतू मोजणे, हाही त्या घराण्याच्या गंगासेवेचाच एक उपचार होऊन बसला आहे.