आकडा चुकला, पण भट्टी जमली!

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला हे आपण सगळेच करतो. ग्राफवर पाच बिंदू मिळतात, साधारण एका रेषेत दिसतात आणि आपण पट्टी ठेवून रेघ थेट कागदाच्या टोकापर्यंत ओढतो. ‘पुढेही असंच असणार’ म्हणत! यावरून सर ओरडले असतील, तर वाईट वाटून घेऊ नका. एका मोठ्या माणसानेही हेच केलं होतं.

जोसाया वेजवुड हा इंग्लंडमधला नामांकित चिनीमातीच्या भांड्यांचा कारखानदार. चार्ल्स डार्विनच्या आईचा बाप. त्याची डोकेदुखी साधी होती. भट्टी जरा जास्त तापली की माल वाया. पण तापमान मोजायचं कशाने? थर्मामीटरमधला पारा ३५७ अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्यामुळे कारागीर आगीचा रंग बघून अंदाज बांधायचे. माणूस बदलला की अंदाज बदलला.

वेजवुडने मग मोजायला मातीच घेतली. माती भाजली की आकसते आणि गार झाल्यावर पुन्हा फुगत नाही. त्याने मातीचे एकसारखे छोटे तुकडे बनवले. तुकडा भट्टीत ठेवायचा, काढून गार करायचा आणि पितळी पट्ट्यांमधल्या निमुळत्या खाचेत सरकवायचा. खाच एका टोकाला ०.५ इंच रुंद, दुसऱ्या टोकाला ०.३. लांबी २४ इंच, खुणा २४०. तुकडा जितका आत जाईल, तितकी भट्टी तापलेली. आहे ना भारी जुगाड? १७८३ मध्ये वेजवुड रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

गडबड झाली ती या खुणांचं फॅरनहाइटमध्ये रूपांतर करताना. कमी तापमानाला जे प्रमाण मिळालं, तेच वरपर्यंत टिकेल असं त्याने धरलं. माती काही इतकी शहाण्यासारखी आकसत नाही. उत्तर आलं, चांदी ४७१७ अंशांना वितळते! खरा आकडा १७६३च्या आसपास.

मग यंत्र भंगारात? अजिबात नाही. ‘आजची भट्टी कालच्याइतकीच तापलीय का?’ या कारखान्यातल्या प्रश्नाचं उत्तर ते देत होतं. ‘नेमके किती अंश?’ हे मात्र त्याला झेपलं नाही. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ही उपकरणं जपून ठेवली आहेत.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला शेवटच्या बिंदूनंतरची रेघ तुटक काढा. तिथपर्यंत आपण मोजलंय, पुढचा फक्त अंदाज आहे. जर्नलवर सही करताना सरही खूश होतील!