ताटातली लिंबाची फोड

पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला, मिठाजवळ, लिंबाची फोड वाढतात. पुष्कळ लोक ती तशीच ठेवून उठतात. आम्हीही उठत होतो. म्हणून आधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

आमची धाकटी सून गरोदर होती. पाचवा महिना चालू होता. तोंड पांढरेफटक पडले होते. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागे. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. रक्तातला लाल अंश, ज्याला डॉक्टर हिमोग्लोबिन म्हणतात, तो ८ भरला. गरोदर बाईला तो निदान ११ तरी हवा. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. महिनाभर रोज घेतल्या, पण फरक फारसा पडेना.

तेव्हा नर्सबाईंनी विचारले, "ताई, गोळी कशाबरोबर घेता?"

सून म्हणाली, "सकाळच्या चहाबरोबर."

"मग अंगी कशी लागणार? चहा गोळीला अडवून धरतो. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा दोन तासांनी."

तो चहा आम्हीच तिला आग्रहाने पाजत होतो. अंगात तरतरी येईल, असे आम्हाला वाटे! पुढच्या दोन महिन्यांत आकडा १० च्या वर गेला. हे काम मुख्यतः गोळीचे, हे खरे. पण तिची वाट मोकळी झाली ती चहा हटल्यामुळे आणि लिंबू आल्यामुळे.

हे कसे होते ते बघा. रक्ताला लोह लागते. बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाजी यांत लोह असते. पण धान्यातले नि भाजीतले लोह आतड्याला सहज शोषता येत नाही. बरेचसे तसेच बाहेर पडते. लिंबात 'क' नावाचे जीवनसत्त्व आहे. ते जेवणाबरोबर पोटात गेले, की त्याच भाकरी-भाजीतले लोह जास्त शोषले जाते. चहात तुरट अंश असतो. तो उलट काम करतो. म्हणून फोड जेवतानाच पिळायची आणि चहा जेवणापासून लांब ठेवायचा. २०१९ ते २०२१ या काळात देशभर पाहणी झाली. तीत १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० बायकांत ५७ जणींना रक्त कमी आढळले. तेव्हा ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नव्हे.

आता दूरची एक गोष्ट. पूर्वी इंग्रज खलाशी महिनोन्‌महिने समुद्रावर असत. खायला सुका पाव आणि खारवलेले मांस. ताजे काही नाही. त्यांच्या हिरड्या सुजत, रक्त येई, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. अशी कितीतरी माणसे दगावली. १७४७ साली 'सॅलिसबरी' नावाच्या जहाजावर जेम्स लिंड हा डॉक्टर होता. त्याने १२ आजारी खलाशी निवडले आणि दोघादोघांच्या ६ जोड्या केल्या. जेवण सर्वांना सारखेच. त्यावर एका जोडीला व्हिनेगर, एकीला समुद्राचे पाणी, असे दर जोडीला वेगळे औषध दिले. एका जोडीला रोज संत्री आणि लिंबू. सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्यात त्यांतला एक जण कामावर जाण्याजोगा झाला होता!

पण इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस सर्रास सुरू झाला तो १७९५ साली. मधे ४८ वर्षे गेली. आणखी एक गंमत आहे. रस टिकावा म्हणून तो तापवून आटवावा, असे लिंडनेच सुचवले होते. आटवल्याने त्यातले सत्त्वच गेले. आपल्या घरी उकळत्या वरणात लिंबू पिळतात, तेव्हा हीच चूक होते. वरण चुलीवरून उतरवावे, पानात वाढावे आणि मग लिंबू पिळावे. फोडही शक्यतो ताजी चिरलेली घ्यावी. आणि लिंबाचे पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत. आंबटाने ती कळकतात.

लिंबाविषयी भलतेसलते बोलणारेही पुष्कळ भेटतात. सकाळी लिंबूपाणी प्याले की चरबी झडते, मधुमेह बरा होतो, असे सांगतात. त्यावर विसंबून कोणी औषध बंद करू नये. मुतखड्याचे मात्र थोडे खरे आहे. लिंबातल्या आंबटामुळे काही जातींचे खडे धरायला अडथळा होतो, आणि लिंबूपाण्याच्या निमित्ताने पाणीही जास्त पोटात जाते. पण झालेला मोठा खडा लिंबाने विरघळेल म्हणून कोणी घरी कळा सोसत बसू नये. ज्यांच्या छातीत जळजळ होते त्यांनी बेताने घ्यावे. लिंबू दातांनी चोखू नये, दाताचे वरचे कवच झिजते. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी.

उन्हाळ्यात लिंबू महाग होते. तेव्हा कैरीची फोड चालते. थंडीत पेरू नि आवळा असतात. त्यांत 'क' जीवनसत्त्व लिंबापेक्षा कितीतरी जास्त. चिंच मात्र लिंबाच्या जागी चालत नाही. ती आंबट खरी, पण तिच्यात हे सत्त्व नावालाच असते.