पॉलिशखालचा रंग का पसरतो?

लाकडाला स्टेन देऊन हवी ती छटा आणली आणि त्यावर पारदर्शक पॉलिशचा पहिला हात फिरवला की, कधी कधी ती छटा ब्रशबरोबर ओढली जाते, कडांना फिकी पडते आणि सपाट भागावर पट्टे उमटतात. हा दोष सहसा कारागिराच्या हाताला लावला जातो. प्रत्यक्षात त्याचे मूळ बहुधा द्रावकांच्या निवडीत असते.

स्टेनमधील रंग दोन प्रकारचा असतो. डाय हा द्रावकात पूर्ण विरघळून लाकडाच्या तंतूंत मुरतो, तर पिगमेंटचे बारीक कण न विरघळता तरंगत राहतात आणि द्रावक उडून गेल्यावर लाकडाच्या छिद्रांत साचतात. त्यांना तेथे धरून ठेवण्याचे काम तेल किंवा राळ यांसारखा बंधक पदार्थ करतो. स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय वापरून त्यावर चपडा लाखेचे पॉलिश दिले, तर पॉलिशमधील स्पिरिट खालचा डाय पुन्हा विरघळवते आणि बोळा जितक्या वेळा फिरेल तितका रंग सरकत जातो.

तेलाच्या स्टेनचे गणित वेगळे आहे. त्यातील टर्पेंटाइन लवकर उडून जाते आणि पृष्ठभाग कोरडा भासतो. परंतु जवसाचे तेल हे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होत असल्याने त्याला किमान एक दिवस, पावसाळ्यात त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. सागातील नैसर्गिक तेलकट घटकांमुळे ही क्रिया आणखी लांबू शकते, आणि अशा अर्धवट सुकलेल्या थरावर टर्पेंटाइनयुक्त वार्निश चढवले की रंग हमखास पसरतो.

येथे लाख मध्यस्थाचे काम करते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे कीटक जी राळ स्रवतात, तिच्यापासून चपडा तयार होतो. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, मात्र टर्पेंटाइनला दाद देत नाही. म्हणून पूर्ण सुकलेल्या तेलाच्या स्टेनवर लाखेचा पातळ थर दिल्यास वरच्या वार्निशचे द्रावक रंगापर्यंत पोहोचत नाही. वर पॉलियुरेथेन द्यायचे असेल, तर ही लाख मेण काढलेलीच हवी, कारण चपड्यातील नैसर्गिक मेणावर पॉलियुरेथेनची पकड कमकुवत राहते. खाली स्पिरिटचा डाय असेल, तर लाखेचा हात ब्रशने न देता फवाऱ्याने हलका द्यावा. थर लवकर सुकतो आणि रंग घासला जात नाही.

पावसाळ्यात दिसणारा पांढुरका धूसरपणा हा मात्र रंगाचा दोष नव्हे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साकळते आणि ओल्या थरात अडकून राहते. सावकाश उडणारे द्रावक मिसळल्यास किंवा हवा कोरडी असताना काम केल्यास हा दोष टळतो.

रंग सरकू लागल्याचे दिसताच ब्रश थांबवावा, कारण घासत राहिल्याने पट्टा रुंदावतो. थर पूर्ण सुकल्यावर पॉलिश पेपरने हलकेच घासावे, कडांवर जोर देऊ नये. फिकी जागा पातळ लाखेत मिसळलेल्या रंगाने भरावी आणि मगच पुढचा हात द्यावा. त्याच लाकडाच्या तुकड्यावर स्टेनपासून शेवटच्या थरापर्यंतचा पूर्ण क्रम आधी करून पाहणे हा सर्वांत स्वस्त विमा होय. सुताराचे कष्ट आणि मौल्यवान लाकूड दोन्ही त्यामुळे वाचतात.