गायतोंडे : संथ कुंचला, चढते मोल

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपुरात, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 मध्ये पदविका घेतल्यावर ते आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या वर्तुळात आले. चित्रकार पॉल क्ले आणि झेन विचार यांचा प्रभाव पचवून त्यांनी चित्रातून ओळखता येणारी आकृती सोडली. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. त्यातून कॅनव्हासला आतून उजळल्यासारखा प्रकाश येई. हे काम घाईचे नव्हतेच. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पुरी होत. 1972 नंतर ते दिल्लीत एकांतात राहिले. 2001 मध्ये त्यांचे निधन झाले.

बाजाराने त्यांना खऱ्या अर्थाने ओळखले ते मृत्यूनंतर. डिसेंबर 2013 मध्ये ख्रिस्टीजच्या मुंबईतील पहिल्या लिलावात त्यांचे चित्र 23.7 कोटी रुपयांना गेले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, मागणी आणखी वाढली. विक्रीस येणारी चित्रे मोजकीच, त्यामुळे चढाओढ अटळ. तरी केवळ दुर्मीळतेने असे मोल मिळत नाही. पन्नास वर्षांची अविचल साधना त्यामागे आहे. 2021 मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांच्या 1961 सालच्या चित्राला सुमारे 40 कोटी, तर 2025 मध्ये 1970 सालच्या चित्राला सुमारे 67 कोटी रुपये मिळाले.