बुरशीला ‘सवय’ लागत नाही

गोडीबार छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की नाशिकजवळच्या ओझरच्या द्राक्षबागांत डाऊनी या वेलीवरच्या रोगाची धास्ती सुरू होते. मागच्या हंगामात चाललेलं औषध यंदा हरलं, की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: बुरशीला औषधाची सवय झाली. हे वाक्य नकळत लामार्कचं आहे. सजीव गरजेपोटी बदलतात आणि कमावलेला बदल संततीला मिळतो, असं या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०९ साली मांडलं. सजीव मुळात बदलतात हेच तेव्हा फार थोड्यांना मान्य होतं, म्हणून त्याला हसण्यात अर्थ नाही. पण त्याचं उत्तर चुकलं आणि त्याचा पडताळा बागेतच मिळतो. घड जिबरेलिक ॲसिडच्या (जीए) द्रावणात बुडवले, म्हणजे डिपिंग केलं, की मणी फुगतात. मात्र वर्षानुवर्षं डिपिंग केलेल्या वेलीची काडी लावली, तरी नव्या वेलीचे घड पुन्हा बुडवावेच लागतात. उलट थॉमसन सीडलेस या वाणाच्या एखाद्या वेलीवर आपसूक वेगळे मणी धरले, कुणा चाणाक्ष बागायतदाराने तिची काडी राखली आणि तो गुण टिकला. तास-ए-गणेश हा वाण असाच आपल्याकडे आला.

आधी आपसूक फरक, मग निवड. डार्विन आणि वॉलेस यांनी १८५८ साली जगापुढे ठेवलेला विचार थोडक्यात एवढाच. यावर कुणी म्हणेल, बागेत माणूस निवडतो, रानात कोण निवडणार? त्याला उत्तर डाऊनीच देते, कारण तिची निवड माणसाने केली ती स्वतःच्या इच्छेविरुद्ध. (काटेकोर बोलायचं तर डाऊनी खरी बुरशी नव्हे, काही शैवालांची दूरची नातलग.) स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं तिच्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या एका प्रथिनाला अडवतात. त्या प्रथिनातलं १४३ व्या जागचं एक अमिनो आम्ल बदललं, की औषधाला तिथे बसता येत नाही. महाराष्ट्रातल्या बागांतही अशी डाऊनी सापडली आहे. असंख्य बीजाणूंत असा एखादा असतोच. फवारणी फक्त त्याचे प्रतिस्पर्धी मारते आणि अख्खं पान त्याला मोकळं करून देते.

पण तो बदल औषधामुळेच झाला नसेल कशावरून? लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ साली नेमकी हीच शंका जिवाणूंवर तपासली. वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जिवाणूंवर त्यांनी विषाणू सोडले. विषाणू भेटल्यावर प्रतिकार आला असता, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जिवाणू वाचले असते. प्रत्यक्षात कुठे एकही नाही, कुठे शेकडो. म्हणजे बदल आधीच, कधीतरी, योगायोगाने झालेला होता.

‘पण डाऊनी डाऊनीच राहिली ना, नवी जात कुठे झाली?’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. एका बदलाने जात बनत नाही हे खरंच. मात्र डाऊनीच्या मूळ मुलुखात, उत्तर अमेरिकेत, वेगवेगळ्या द्राक्षवेलींवरची डाऊनी जनुकीय तपासणीत वेगवेगळ्या कुळांची निघाली. जे एकच वाटत होतं, ते यजमान वेलींनुसार फुटत गेलेलं आहे.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. सवयच असती, तर नव्या नावाची बाटली आणून ती मोडता आली असती. निवड असेल, तर नाव नवं पण गट तोच असलेलं औषध त्याच वाचलेल्या बीजाणूंना पुन्हा रान मोकळं करून देतं. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आलेलं बोर्डो मिश्रण मात्र अजून चालतं. त्यातलं तांबं पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, आणि तितके सगळे बदल एकाच बीजाणूत जुळून येणं फार अवघड असतं.